साथीचा माणूस कोपनहेगनला का गेला? – वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

गेल्या अंकात ड्रम वाजवायच्या तारांच्या ब्रशवर चार ओळी लिहिताना मी अमेरिकन जॅझ ड्रमर एड थिगपेन यांचं नाव घेतलं होतं. पियानोवाले ऑस्कर पीटरसन यांच्या ट्रिओचे, म्हणजे तिघांच्या बँडचे ड्रमर, पुढे डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला गेले ते कायमचेच, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळी तबल्याचे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेतोय. तबल्याच्या विद्यार्थ्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात पहिला नंबर त्यांचा.

*मास्तर, नमस्कार. मी खानापूरजवळच्या एका गावचा, झांज पथकात ताशा वाजवतो आणि लग्नाच्या सीझनला ऑर्केस्ट्रात ड्रम. तुमचं वाचून मोबाईलवर थिगपेन ऐकायलोय, आठ दिवस झालं. मला एक कळंना, एवढ्या टॉपला असलेला माणूस अमेरिका सोडून डेन्मार्कला कशाला गेला? तिथं जॅझ कोण ऐकतंय? आमच्यातला एकजण म्हणतोय की काम मिळेनासं झालं की असंच लांब कुठंतरी जात्यात. खरं काय ते सांगा.*

तुझ्या मित्राचं म्हणणं मला पटत नाही, आणि जरा सविस्तर सांगतो कारण ही समजूत त्याच्या एकट्याची नाही, मोठमोठी माणसंही असंच बोलतात की अमेरिका सोडली म्हणजे करिअर संपलं.

आधी माणूस बघ कोण होता. जन्म शिकागोचा, 28 डिसेंबर 1930. वाढले लॉस एंजेलिसला. वडील बेन थिगपेन हे स्वतः ड्रमर, अँडी कर्क यांच्या प्रसिद्ध बँडमधले. म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं घरातच ताल. पण पोरानं कॉलेजात विषय घेतला समाजशास्त्र, आणि मग ते सोडून वडिलांकडे ईस्ट सेंट लुईसला जाऊन राहिला, वाजवायचंच म्हणून. पुढं न्यूयॉर्कला कूटी विल्यम्स यांच्या बँडमध्ये, मग सैन्यात, परत आल्यावर डायना वॉशिंग्टन यांच्याबरोबर, मग बिली टेलर यांच्या ट्रिओत, असं करत करत 1959 ला ऑस्कर पीटरसन यांच्याकडे आले.

आता इथं नीट लक्ष दे. पीटरसन यांच्या ट्रिओत त्याआधी कितीतरी वर्षं ड्रम नव्हता. पियानो, बास आणि गिटार अशी तिघांची बैठक होती. गिटारवाले हर्ब एलिस बाहेर पडले आणि मग गिटारऐवजी ड्रम आला, थोड्याच दिवसांत त्या जागेवर थिगपेन. पीटरसन यांचा पियानो ऐकलास ना तू? दोन्ही हातांनी पाऊस पडतो नुसता, मधे बोट घालायला जागा नाही. बासवर रे ब्राउन, तो पण पहाड. अशा दोघांच्या मधे बसून वाजवायचं म्हणजे जोरात वाजवलं तर सगळ्याचा चिखल होणार, हळू वाजवलं तर तू असून नसल्यासारखा. थिगपेन यांनी 1965 पर्यंत ती जागा सांभाळली, आणि अशी सांभाळली की लोक त्यांना 'मिस्टर टेस्ट' म्हणायला लागले. आपल्या भाषेत सांगायचं तर साथीतली जाण. गायक कुठं श्वास घेणार हे तबलजीला आधी कळतं ना, तसं. त्यानंतर गायिका एला फिट्झजेराल्ड यांच्याबरोबर कितीतरी वर्षं दौरे केले. एलासारखी बाई आपल्या मागे कोण बसतंय याबाबत तडजोड करणारी नव्हती.

म्हणजे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते कोपनहेगनला गेले तेव्हा चाळिशीतले होते, नावाजलेले होते, हात चालत होता. मग काम संपलं म्हणून गेले असं कसं म्हणायचं?

बाकी त्या पिढीतले कितीतरी अमेरिकन, त्यातही कृष्णवर्णीय कलाकार, युरोपला का गेले त्याची कारणं माहीत आहेत आणि ती एकापेक्षा जास्त आहेत. एक तर वर्णभेद. स्टेजवर टाळ्या आणि खाली उतरल्यावर हॉटेलात खोली नाही, हे त्यांनी भोगलेलं. न्यूयॉर्कमध्ये तर दारू मिळते अशा क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागायचं, ते काढून घेतलं की पोट बंद, थेलोनियस मंक यांच्यासारख्या मोठ्या पियानोवाल्याचं सुद्धा काढून घेतलेलं, ही पद्धत 1967 ला बंद झाली. दुसरं, साठच्या दशकात रॉक आलं आणि जॅझचे क्लब एकामागून एक रिकामे पडायला लागले. आपल्याकडे डीजे आल्यावर बँड पार्टीचं काय झालं ते तू बघितलंयस, समजून घे.

आणि तिथं कोण ऐकतंय असं विचारतोस तर कोपनहेगनची गंमत अशी की ऐकणारे आधीपासून तयार होते. 1959 ला तिथं स्टोरे रेग्नेगाडे या गल्लीत जॅझहूस मोंमार्त्र नावाचा क्लब सुरू झाला, छोटीशी जागा. सॅक्सोफोनवाले डेक्स्टर गॉर्डन 1962 ला युरोपात आले आणि पुढची चौदा वर्षं बहुतेक तिथंच काढली. पियानोवाले केनी ड्रू 1964 ला आले आणि तिथलेच होऊन गेले. सॅक्सोफोनवाले बेन वेब्स्टर आले. त्याच 1964 ला डॅनिश रेडिओनं स्वतःचा बिग बँड उभा केला, पगारी वादकांचा, आणि पुढं ट्रम्पेटवाले थॅड जोन्स अमेरिकेतून येऊन त्याचे प्रमुख झाले. 1972 ला स्टीपलचेस नावाची रेकॉर्ड कंपनी तिथंच निघाली, तिनं या सगळ्यांच्या रेकॉर्डी काढल्या. म्हणजे क्लब, रेडिओ, रेकॉर्ड, सगळं एका गावात, सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावर! थिगपेन तिथं पोचले तेव्हा गाव लागलेलंच होतं, जसं तबल्याचे सूर आधीच मिळवून ठेवावेत.

पुढची जवळजवळ चार दशकं ते तिथं राहिले. केनी ड्रू, थॅड जोन्स, अर्नी विल्किन्स या आपल्याच देशबांधवांबरोबर वाजवलं, क्लार्क टेरी, मिल्ट जॅक्सन, माँटी अलेक्झांडर असे पाहुणे आले की त्यांच्या मागे बसले, स्वतःच्या नावानं रेकॉर्डी केल्या, आणि शिकवलं. शिकवण्याची आवड जुनीच होती, पीटरसन यांनी 1960 ला टोरांटोत संगीताची शाळा काढली तेव्हापासूनची. कोपनहेगनला राहून ते समुद्रापलीकडं स्वीडनमधल्या माल्मोच्या संगीत विद्यालयात शिकवायचे. मधे ओरेसुंडची खाडी, आज तिच्यावर जवळपास आठ किलोमीटरचा पूल आहे पण तो 2000 सालचा, त्याआधी बोटीनंच जावं लागायचं. एका देशात घर, दुसऱ्या देशात विद्यार्थी. आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपली अर्धी नाती महाराष्ट्रात कोल्हापूर-चंदगडला आणि आपण इकडं कर्नाटकात.

13 जानेवारी 2010 ला कोपनहेगनलाच गेले, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. तिथल्याच वेस्त्रे दफनभूमीत आहेत, थॅड जोन्स पण तिथंच.

तुझ्या मित्राला एक विचार. बेळगावजवळचं सुळेभावी इथून किती लांब? तिथं जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, क्षयानं आजारी पडून 1948 ला देवासला गेले, मध्य प्रदेशात, गावाबाहेरच्या माळावर राहिले, कितीतरी वर्षं गाणं बंद. त्या वेळी पण लोकांनी संपलं असंच म्हटलं असणार. आणि मग तिथूनच माळव्याची लोकगीतं, कबीराची निर्गुणी भजनं, सगळं आलं. माणूस लांब गेला की आपल्याला दिसत नाही, एवढंच. वाजवणं चालूच असतं.

*मास्तर, मी शहापूरची, घरी शिवणकाम करते. मुलगा बावीस वर्षांचा, डिप्लोमा झालाय पण डोक्यात फक्त ड्रम. आता गोव्यातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये महिना पगारावर बोलावलंय. ह्यांचं म्हणणं जाऊ द्यायचं नाही, एकदा गेलेली पोरं परत येत नाहीत. तुम्ही त्या ड्रमरचं लिहिलंय तो पण परत आला नाहीच की. मी काय करू?*

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थिगपेन परत गेले नाहीत हे खरं, पण त्यांच्यातले सगळे तसे नव्हते. डेक्स्टर गॉर्डन 1976 ला न्यूयॉर्कला परत वाजवायला गेले तेव्हा लोकांनी रांगा लावल्या आणि मग ते तिकडंच राहिले. उलट बेन वेब्स्टर 1964 ला युरोपला आले ते परत गेलेच नाहीत, 1973 ला ॲमस्टरडॅमला वारले आणि दफन कोपनहेगनला. एकटेपणा त्यांना फार होता आणि दारूही होती, हे तुमच्यापासून लपवत नाही, कारण आईला याचीच काळजी असते.

पण या सगळ्यांचं वाचत ऐकत आलोय त्यावरून एक गोष्ट मला पक्की दिसते. जे टिकले ते चांगल्या सोबतीत पडले म्हणून टिकले. मोंमार्त्रमध्ये पाहुणा कलाकार आला की एक दिवस वाजवून निघून जायचा असं नव्हतं, कित्येक दिवस रोज रात्री तोच कार्यक्रम, त्याच माणसांबरोबर. बासवर नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन नावाचा डॅनिश मुलगा, पंधरा-सोळा वर्षांचा असताना तिथं वाजवायला लागला, या अमेरिकन लोकांच्या शेजारी उभा राहून रोज वाजवत शिकला. सतरा वर्षांचा असताना अमेरिकेतले नामांकित बँडवाले काउंट बेसी यांनी बोलावलं तर गेला नाही! घरीच राहिला. आणि पुढं ऑस्कर पीटरसन यांच्याच ट्रिओत बासवर तो, जिथं एकेकाळी रे ब्राउन उभे राहायचे तिथं. होरेस पार्लन म्हणून पियानोवाले होते, लहानपणी पोलिओ झाल्यामुळं उजव्या हाताची बोटं नीट चालत नव्हती, डाव्या हातानं उजव्याचं काम भरून काढून स्वतःची वेगळीच रीत तयार केलेला माणूस, तेही 1970 च्या दशकात डेन्मार्कला आले आणि शेवटपर्यंत तिथंच मानानं राहिले.

म्हणून तुम्ही मुलाला पगार किती हे विचारायच्या आधी बँडमध्ये अजून कोण आहेत ते विचारा. वयानं मोठा, वाचून वाजवणारा एखादा वादक आहे का, दुपारी रियाजाला जागा देतात का, की नुसतं रात्री ट्रॅक लावून त्यावर वाजवायचं? ट्रॅकवर वाजवायचं असेल तर मी नको म्हणेन, त्यात हात बिघडतो आणि कान तर त्याहून जास्त. माणसांबरोबर वाजवायचं असेल तर जाऊ द्या ताई. चोर्ल्याच्या घाटानं तीन-चार तासांचं अंतर आहे, गणपतीला येईल. तुमच्या मालकांना माझा नमस्कार सांगा, ते म्हणत असतील तर मी घरी येऊन बोलतो.

*निपाणीहून लिहितोय. मी तबला वाजवतो, भजनी मंडळात. ब्रश म्हणजे नक्की काय आणि त्यात एवढं काय अवघड आहे?*

बारीक पोलादी तारांचा पंखा, मागे दांडी, तारा दांडीत आत ओढून घेता येतात. स्नेअर ड्रमवर, म्हणजे मांडीसमोरच्या छोट्या ड्रमवर, डावा हात तो ब्रश पानावरून, म्हणजे वरच्या ताणलेल्या पडद्यावरून, उचलतच नाही, गोल गोल फिरवत राहतो, त्यातून सलग श्श्श्श असा आवाज, सुपात तांदूळ पाखडताना येतो ना तसाच. त्यावर उजवा हात ठोके ठेवतो. आता तुम्ही तबलजी आहात म्हणून सांगतो, तुमच्या बायाला जशी घीस असते, मनगट पुढं सरकवून काढलेली, तिच्या जवळचं हे काम आहे. फक्त तुमची घीस क्षणभराची आणि इथं ती अख्खं गाणं संपेपर्यंत चालू, आणि त्या घिशीतच लय असली पाहिजे. फिरवण्याचा वेग जरा कमी-जास्त झाला की ऐकणाऱ्याला कळत नाही काय बिघडलं पण गाणं बसत नाही.

अजून एक, आपली सम पहिल्या मात्रेवर, जोर तिथं. जॅझमध्ये चार मात्रांत पायाची झांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. मी ड्रम शिकायला लागलो तेव्हा तबल्याच्या सवयीनं माझा पाय सारखा पहिलीवर पडायचा, ते सुटायला वर्ष गेलं. शिवाय मात्रेचे सरळ दोन भाग नसतात, तीन करायचे आणि मधला सोडून द्यायचा, तो झोका म्हणजे स्विंग. दादरा वाजवणाऱ्या हाताला हे केरव्यावाल्यापेक्षा लवकर जमतं असा माझा अनुभव आहे.

थिगपेन यांनी ब्रशवर शिकवणारं पुस्तकच लिहिलंय. ब्रशचा मोठा जाणकार कोण म्हटलं की त्यांचं नाव आजही पहिल्या दोन-चारात येतं.

*आदरणीय मास्तर, मी संकेश्वरचा निवृत्त शिक्षक. असे अमेरिकन वादक युरोपात गेले तसे आपल्या देशात कधी कोणी आले होते का? आपल्याकडच्या कोणाचा या संगीताशी संबंध?*

गुरुजी, आले होते, आणि डेन्मार्कच्या या सगळ्या गोष्टीच्या कितीतरी आधी. लिऑन ॲबी नावाचे व्हायोलिनवाले 1935 ला आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. पियानोवाले टेडी वेदरफोर्ड तर 1926 लाच अमेरिका सोडून शांघायकडं निघालेले, पुढं मुंबईच्या ताजमध्ये वाजवलं, मग कलकत्त्याला स्थिरावले आणि 1945 ला कलकत्त्यातच कॉलऱ्यानं वारले. अमेरिकेतला एवढा मोठा वादक आपल्या मातीत आहे आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. कोपनहेगनमध्ये बेन वेब्स्टर, डेक्स्टर गॉर्डन, केनी ड्रू यांच्या नावाचे रस्ते आहेत.

त्या अमेरिकनांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली पोरं, त्यामुळं त्यांना लगेच जमलं. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, मूळ नाव अंतोनियो वाझ, त्यांना तर भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तेच पुढं सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांच्या वाद्यवृंदात आले, आणि आपल्या हिंदी गाण्यांत तो ट्रम्पेटचा झणझणीतपणा आला तो तिथून. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस हीसुद्धा सगळी गोव्याचीच माणसं.

आणि यात आपला भाग कुठं येतो तर रेल्वेत. त्या काळी गोव्याहून मुंबईला जायचं तर एक बोट आणि दुसरी ही गाडी, मुरगावहून कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे करत. ट्रम्पेटची पेटी मांडीवर घेतलेली ती अठरा-वीस वर्षांची पोरं आपल्या लोंढ्याच्या फलाटावरूनच गेली आहेत. मला जॅझ ऐकायला शिकवलं ते कॅम्पमधल्या अशाच एका म्हाताऱ्या गोवेकर ड्रमरनं. आयुष्यभर हॉटेलांच्या बँडात वाजवून ते बेळगावात येऊन राहिले होते. जुलैचा पाऊस, लाईट गेलेली, बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर, आणि त्यांनी लावलेली पीटरसन यांच्या ट्रिओची कॅसेट. पावसाचा आवाज कुठला आणि ब्रशचा कुठला ते मला पहिल्या वेळी कळलंच नाही. थिगपेन हे नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, अजून पाऊस लागला की आठवण येतेच.

*सर, मी टिळकवाडीची, बारावीला आहे. मला ब्रश शिकायचाय पण आमच्या क्लासमध्ये कोणाकडं नाही, ऑनलाइन मागवायचं तर घरचे आत्ता नको म्हणतात. क्लासच्या ड्रमवर मी कपड्याच्या ब्रशनं करून बघितलं पण आवाजच येत नाही. माझं काय चुकतंय?*

तुझं काही चुकत नाही बाळ. क्लासच्या ड्रमवर गुळगुळीत प्लास्टिकचं पान असणार, त्यावर खरा ब्रश फिरवलास तरी आवाज येणार नाही. ब्रशला खरखरीत पान लागतं, पांढरा मुलामा दिलेलं, दुकानात 'कोटेड' म्हणून माग. पूर्वी कातड्याचं पान असायचं, त्याला ती खर आपसूकच असायची.

तोपर्यंत काहीच घेऊ नकोस. त्या गोवेकर काकांनी मला शिकवलं तसं कर. नवा खराटा असेल तर त्यातले पंधरा-वीस बारीक हिर काढ, एका टोकाला दोऱ्यानं घट्ट बांध, दुसरं टोक पंख्यासारखं मोकळं. असे दोन कर. टेबलावर जाड पुठ्ठा ठेव, वह्यांच्या खोक्याचा चालेल. डाव्या हातानं पुठ्ठ्यावर ताटाएवढं वर्तुळ काढत राहा, घड्याळाच्या काट्यासारखं, एका मात्रेला अर्धं वर्तुळ, दोन मात्रांत पूर्ण, हात उचलायचा नाही. अगदी सावकाश. तोंडानं एक-दोन-तीन-चार म्हणत राहा. आठ दिवस नुसतं एवढंच कर, उजव्या हाताला हात लावू नकोस, कंटाळा येईल पण कर. मग उजव्या हातानं ठोके घाल, आणि दुसऱ्या-चौथ्यावर टाच आपट. सोबत शिकणारी एखादी मैत्रीण असेल तर तिला पेटीवर साधं काहीतरी धरायला सांग, एकटीनं वाजवून साथ येत नाही.

आणि ऐकायचं असेल तर पीटरसन यांच्या ट्रिओचं 1964 मधलं 'यू लुक गुड टू मी' ऐक. मोबाईलच्या स्पीकरवर नको, इयरफोन लाव, नाहीतर ब्रश ऐकूच येत नाही. सुरुवातीला ट्रँगलचा एक बारीकसा आवाज येतो आणि रे ब्राउन बास गजानं वाजवतात, सारंगीसारखा. मग लय सुरू होते आणि खाली तो ब्रश. पहिल्यांदा पियानोकडं लक्ष जाईल, जाऊ दे. दुसऱ्यांदा लावशील तेव्हा फक्त डाव्या हाताचं ते वर्तुळ ऐक, आणि तुझा हिरांचा पंखा घेऊन पुठ्ठ्यावर त्याच्याबरोबर फिरव. जमलं, नाही जमलं, मला पत्र टाक.